तट्टूला लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज) झालाय, पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभं राहतंय, खूर गरम लागतात; थोडं फिरवलं तर चालेल का?
असं उभं राहतंय आणि खूर गरम लागतात म्हणता, तर अजिबात फिरवू नका. खुराच्या आतलं हाड कवचाला धरून ठेवणारा पडदाच सुजलेला असतो; प्रत्येक पावलाला तो आणखी ताणला जातो. आजच जनावरांचे डॉक्टर बोलवा. तोवर पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा, खाली भुशाचा जाड थर टाका. चंदी (दाण्याचा खुराक), गूळ, हिरवं गवत बंद.

पण उपाशी ठेवू नका, ही चूक फार जण करतात. तट्टू उपाशी राहिलं की रक्तात चरबी वाढून जिवावर बेततं. 200 किलोच्या तट्टूला दिवसाला साधारण 3 किलो वाळलं गवत, तासभर भिजवून, ते पाणी फेकून द्यायचं. नाल काढायची का, ते डॉक्टर आणि नालबंद मिळून ठरवतील.