चर्चने नाटक वाढवले की अडवले?

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो आणि देवस्थान त्याला आपलाच मानते. मध्ययुगीन युरोपात चर्चने नाटकावर बंदी घातली असे एके ठिकाणी वाचले, तर तिथले नाटक चर्चमध्येच जन्मले असे दुसरीकडे वाचले. यांतले खरे काय?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपण वाचलेली दोन्ही विधाने खरी आहेत, परंतु ती वेगवेगळ्या काळांतील आणि वेगवेगळ्या नाटकांविषयीची आहेत. आरंभीच्या धर्माचार्यांसमोर होती ती रोमन रंगभूमी, आणि तिचे नाते इतर देवतांच्या उत्सवांशी असल्यामुळे टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ. स. 200 च्या सुमारास तिचा कडक निषेध केला. पुढे 314 मध्ये आजच्या फ्रान्समधील आर्ल येथील धर्मसभेने, नट जोवर तो व्यवसाय सोडत नाहीत तोवर त्यांना धर्मसमाजाबाहेर ठेवण्याचे ठरवले.

दहाव्या शतकात मात्र ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, पहाटेच्या उपासनेत एक छोटा संवाद गायला जाऊ लागला. ‘थडग्यात कोणाला शोधता?’ असे देवदूत विचारतो आणि येशूच्या कबरीशी आलेल्या स्त्रिया उत्तर देतात. विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांनी 970 च्या सुमारास इंग्लंडमधील मठांसाठी सिद्ध केलेल्या नियमावलीत याचा प्रयोग कसा करावा तेही सांगितले आहे : एका धर्मबंधूने शुभ्र वस्त्र लेऊन, हाती झावळी घेऊन थडग्यापाशी शांत बसावे, इतर तिघांनी धूपपात्रे घेऊन, काही शोधत असल्यासारखे, हळूहळू तिकडे यावे, आणि शेवटी, येशूच्या देहाचे प्रतीक म्हणून थडग्यात ठेवलेला क्रूस ज्यात गुंडाळला होता ते वस्त्र सर्वांना दाखवून प्रभू उठल्याचे सांगावे. पुरुषांनी स्त्रियांच्या भूमिका करणे दशावतार पाहणाऱ्यांना नवे नाही. मठवासी याला उपासनाच मानत असले, तरी वेश, हालचाल आणि संवाद एकत्र आल्यावर याला नाट्य न म्हणणे मला कठीण वाटते.

1207 मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी पोलंडमधील ग्निएझ्नोच्या आर्चबिशपांना पत्र लिहून चर्चमधील खेळांना मनाई केली, हे आपल्या वाचनातील ‘बंदी’चे मूळ असावे. त्यांचा रोख मुखवटे आणि नाताळच्या दिवसांत खुद्द धर्मगुरूंनी चालवलेला धांगडधिंगा यांवर होता. नंतरच्या भाष्यकारांनी तर येशूच्या जन्माची गव्हाण, त्याच्या जिवावर उठलेला हेरोद राजा इत्यादी प्रसंग भक्तीसाठी दाखवण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. या पत्रामुळेच नाटक चर्चबाहेर पडले, हे अनेकदा सांगितले जाणारे मत मला पटत नाही, कारण त्यानंतरही कित्येक शतके चर्चमध्ये ईस्टरचे प्रयोग होत राहिले.

चौदाव्या शतकात नगरांतील व्यावसायिकांच्या संघांनी स्वतःची धर्मनाटके उभी केली. इंग्लंडमधील यॉर्कमध्ये ख्रिस्तशरीराच्या (कॉर्पस क्रिस्टी), म्हणजे येशूचे शरीर मानलेल्या पवित्र भाकरीच्या सन्मानाच्या, सणाला चाकांच्या गाड्यांवर बायबलमधील प्रसंग सादर होत. तिथे नोहाचे तारू बांधण्याचा प्रसंग जहाजबांधणी करणाऱ्यांकडे, जलप्रलय मासेमार व खलाशांकडे आणि प्रभूचे शेवटचे भोजन बेकरीवाल्यांकडे असे. आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना या वाटणीतील औचित्य चटकन कळेल.

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर हे प्रयोग संशयास्पद ठरले आणि 1569 नंतर यॉर्कमध्ये ते थांबले. कॅथलिक पॅरिसमध्ये त्याआधीच, 1548 मध्ये, तिथल्या न्यायमंडळाने येशूच्या दुःखभोगाची नाटके करण्यासाठीच स्थापन झालेल्या मंडळीला धर्मनाटके करण्यास मनाई केली आणि सभ्य अशी लौकिक नाटके करण्याची मुभा मात्र कायम ठेवली.