बोट कुठे बांधायची, किती दिवस?

इंग्लंड आणि वेल्समधल्या नद्या-कालव्यांवर बोटीतच संसार थाटलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पाणी कुणाच्या अखत्यारीत आणि काठ कुणाच्या मालकीचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांची अडचण तिथेच सुरू होते.

प्रश्न : आमच्या नॅरोबोटीला (कालव्यांवरची लांब, अरुंद बोट) बांधून ठेवायला कायमची जागा नाही. दर चौदा दिवसांनी दोन-तीन पूल ओलांडून पुढे जातो, मग मागे येतो. नोकरी आणि मुलीची शाळा एकाच गावात आहे. नियम पाळूनही कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टने या वेळी वर्षाऐवजी सहाच महिन्यांचा परवाना दिला. असं का?

कारण १४ दिवस ही अर्धीच अट आहे. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कायमची जागा नसलेली बोट परवान्याच्या पूर्ण काळात खरोखरीच्या प्रवासासाठी वापरली गेली पाहिजे. शिवाय ती एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त राहता कामा नये. परिस्थिती पाहता जास्त मुक्काम वाजवी असेल तर तेवढी सवलत कायदाच देतो. ‘ठिकाण’ म्हणजे तुम्ही खुंट ठोकलेला बिंदू नव्हे, तो सगळा परिसर, असा ट्रस्टचा अर्थ आहे. २०११ मध्ये ब्रिस्टलच्या काउंटी कोर्टात असंच प्रकरण आलं होतं. बाथजवळच्या साधारण १० मैलांच्या पट्ट्यात बोट मागेपुढे होत होती आणि कोर्टाने तो खरा प्रवास मानला नाही.

परवान्याच्या काळातला पल्ला, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन टोकांमधलं अंतर, २० मैलांहून कमी असेल तर अट पूर्ण झाली असं मानणं अवघड, असं ट्रस्टचं मार्गदर्शन सांगतं. हा आकडा कायद्यात नाही. त्यामुळे वर्षातून एकदा २० मैल जाऊन आलो की सुटलो, असं समजू नका. उरलेले महिने बोट कुठे दिसते हेही पाहिलं जातं. शाळा किंवा नोकरी यांसाठी कायद्यात वेगळी सूट नाही. हे कठोर आहे, पण परवाना हातचा जाण्याआधी कळलेलं बरं.

आता काय करायचं? रोजची नोंद ठेवा : तारीख, पुलाचा क्रमांक किंवा लॉकचं (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या टाकीचं) नाव, आणि आजूबाजूचं काही ओळखू येईल असा एक फोटो. ट्रस्टची माणसं काठाने फिरत बोटींचे क्रमांक टिपतात, पण रोज नाही. मेच्या सुरुवातीला आणि जूनच्या शेवटी तुम्ही त्याच गावी दिसलात आणि मधला लांबचा फेरा कुणी पाहिलाच नाही, तर त्यांच्या नोंदीत तुम्ही हललाच नाहीत. अशा वेळी तुमची वहीच पुरावा.

इंजिन बिघडलं, आजारपण आलं, पूर आला किंवा लॉक दुरुस्तीसाठी बंद असलं, तर १४ दिवस संपण्याआधी लेखी कळवा. मेकॅनिकचा अंदाजपत्रकी कागद आणि सुटा भाग कधी येणार ती तारीख सोबत जोडा. मुदत उलटल्यावर दिलेलं तेच कारण सबबीसारखं दिसतं. घरात अपंगत्व किंवा दीर्घ आजार असेल तर २०१० च्या समानता कायद्याखाली कमी अंतराची किंवा जास्त मुक्कामाची सवलत मागता येते. वैद्यकीय कागद लागतील.

ट्रस्टच्या पत्रांकडे पाठ मात्र फिरवू नका. परवाना गेला तर पुढची पायरी म्हणजे १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या ८ व्या कलमाखालची बोट हटवण्याची २८ दिवसांची नोटीस. बोट हेच घर असेल तर ट्रस्ट त्यानंतर कोर्टात जातो. तिथे ‘हे माझं घर आहे आणि ही कारवाई प्रमाणाबाहेर आहे’ असं म्हणण्याची वाट २०१७ च्या अपील कोर्टाच्या एका निकालाने खुली ठेवली आहे. या टप्प्यावर वकील गाठा.

गाव सोडणं शक्यच नसेल तर कायमची जागा भाड्याने घेणं हाच टिकाऊ मार्ग आहे. हिशेब करताना एवढं धरा : कायमची जागा नसलेल्या बोटींना परवान्यावर अधिभार लागतो. तो २०२४ मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने २०२८ मध्ये २५ टक्क्यांवर जाणार आहे.

प्रश्न : ‘जागेसकट’ विकायला असलेली बोट पसंत पडली आहे. ती जागा आमची होईल का?

आपोआप नाही. जागेचा करार जागेचा मालक आणि आधीचा बोटवाला यांच्यातला असतो. नव्या नावाने करार करून देणार, हे मालकाकडून लेखी घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाडेकरूचं संरक्षण इथे गृहीत धरू नका. चेल्सीतल्या एका हाउसबोटीच्या खटल्यात अपील कोर्टाने २००० साली स्पष्ट केलं, की दोरांनी आणि जोडण्यांनी काठाला बांधलेली बोट जमिनीचा भाग ठरत नाही, म्हणून घरभाड्याच्या कायद्याचं संरक्षण तिला मिळत नाही. तुमच्या हातात राहतो तो करारच. नोटीस किती दिवसांची, भाडं कधी आणि कशाच्या आधारे वाढणार, बोट विकताना मालकाला दलाली द्यावी लागते का, हे वाचा. तिथे वर्षभर राहायला नगरपालिकेची नियोजन-परवानगी आहे का, हे कागद पाहून ठरवा. फुरसतीच्या बोटींसाठीच्या जागेत गुपचूप राहणारा माणूस एका तक्रारीवर बाहेर पडतो. अधिकृत निवासी जागेवर बहुधा कौन्सिल टॅक्स (स्थानिक घरपट्टी) लागतो, तोही धरा.

प्रश्न : थेम्सवर कुठल्याही मोकळ्या काठाला बोट लावता येते ना?

नाही. टेडिंग्टनच्या वरच्या, भरती-ओहोटी नसलेल्या थेम्सवर प्रवासाचा सार्वजनिक हक्क आहे आणि त्या ओघात वाजवी वेळ थांबण्याचाही. पण दुसऱ्याच्या जमिनीत खुंट ठोकण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. थेम्सच्या या भागाचा कारभार पाहणाऱ्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या जागांवर बहुधा पहिले २४ तास फुकट असतात, पुढे पैसे. पाटी वाचा आणि लॉककीपरकडे नोंद करा. ट्रस्टच्या परवान्यावर थेम्स चालत नाही. त्यासाठी एजन्सीची वेगळी नोंदणी किंवा दोन्हीकडे चालणारा गोल्ड परवाना लागतो.

प्रश्न : नदीला पाणी चढलं की दोर किती सैल ठेवायचे?

सैल नको, लांब हवेत. २ मीटरचा दोर काठावर जवळच बांधला असेल आणि पाणी १ मीटर चढलं, तर त्याला साधारण २४ सेंटीमीटर जास्त लांबी लागते. तेवढी नसली की एक तर खुंट उपटतो, नाहीतर बोट त्या बाजूला कलते. तोच दोर १० मीटर लांब, काठाच्या समांतर पुढे नेऊन बांधला, तर ५ सेंटीमीटर पुरतात. म्हणून पुढचा दोर लांब पुढे, मागचा लांब मागे, आणि शिवाय मधून उलट दिशांना दोन स्प्रिंग दोर, म्हणजे बोट मागेपुढे सरकत नाही.

छतावरच्या मधल्या दोरावर बोट कधीही बांधून ठेवू नका. तो उंचावरून ओढतो, आणि पाणी चढताना बोट कलंडण्याचं ते नेहमीचं कारण आहे. भिजलेल्या मातीत खुंट धरत नाही. लोखंडी कडं किंवा काठाच्या पत्र्यात अडकवायचे हुक मिळाले तर तेच वापरा. गाठ अशी मारा की ताण असतानाही सुटेल : कड्याभोवती दोन वेढे, मग अर्ध्या गाठी. सुरी हाताशी ठेवा.

खरा धोका पाणी उतरताना असतो. चढलेल्या पाण्यात बोट काठावर सरकते आणि पाणी ओसरलं की एक कड काठावरच अडकते. बोट कलते, आणि सिंकच्या निचऱ्याच्या भोकांतून पाणी आत शिरतं. काठ बुडायच्या आतच बोट आणि काठ यांच्यात बांबू किंवा भक्कम फळ्या रोवा. रात्री दर दोन तासांनी उठून पाहा. थेम्सच्या लॉकवर ‘प्रवाह वाढतोय’ अशी पिवळी पाटी लागली की सुरक्षित जागा शोधा. लाल पाटीत बोट हलवू नका, अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. अडकून पडलात तर पाटीचा तारखेसह फोटो काढा. १४ दिवसांच्या पुढच्या मुक्कामाचं कारण म्हणून तो उपयोगी पडेल.

प्रश्न : पत्ता नसताना डॉक्टर आणि मतदान?

इंग्लंडमध्ये जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. स्वागतकक्षात अडवलं तर व्यवस्थापकाला भेटा. मतदारयादीसाठी, तुम्ही नागरिकत्वाने पात्र असाल तर, ‘स्थानिक संबंधाची घोषणा’ हा अर्ज त्या भागातल्या निवडणूक नोंदणी कार्यालयाकडे भरा. जिथे तुमचा जास्त वेळ जातो ती जागा त्यात लिहा.