कॉक बंद, तरी पेट्रोल खाली

प्रश्न : वडिलांची १९९२ची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल मी पुन्हा रस्त्यावर आणली आहे. रात्री कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) ‘ऑफ’ करून ओसरीत लावतो, तरी सकाळी गाडीखाली ओला डाग आणि घरभर पेट्रोलचा वास. एक मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटरची निडल (आत पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करणारी सुई) गेली, दुसरा म्हणतो कॉक बदला. कुणाचं ऐकू? (एक वाचक, कराड)

उत्तर : दोघांचंही ऐका. थेंब कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पडत असतील तर तुमच्या गाडीत एक नाही, दोन बिघाड आहेत. कॉक धड असता तर निडल कितीही झिजलेली असो, पाईपमधलं घोटभर पेट्रोल संपल्यावर गळती थांबली असती. आणि निडल धड असती तर कॉक गळका असूनही पेट्रोल कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठतं त्या वाटीच्या) वर चढलं नसतं. एकच भाग बदलला की दुसरा महिन्याभरात दगा देतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं मेकॅनिकने फसवलं. थेंब कॉकच्या दांड्याशीच किंवा टाकीच्या जोडावर दिसत असतील तर मात्र निडलला उगाच बोल लावू नका.

आधी खात्री करा. कॉक बंद ठेवून कार्बोरेटरकडचा पाईप काढा आणि त्याचं टोक काचेच्या बाटलीत सोडून रात्रभर ठेवा, पण उघड्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत पसरत जाते. आत देवघरात समई तेवत असेल किंवा गॅस गीझर चालू असेल तर मग काय होईल हे मी सांगायला नको. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत गाडी ओसरीतून अंगणात काढा. सकाळी बाटलीत तळ झाकेल एवढं पेट्रोल दिसलं, तर कॉक गेला.

आता तो खोला, पण आधी टाकी रिकामी करा. दांड्याच्या तोंडावर दोन स्क्रू असतील तर कॉक खुलतो, रिव्हेट असतील तर नवाच घ्यावा लागतो. आत भोकं पाडलेला रबराचा चकती-वॉशर असतो. दांड्याला जोडलेली चकती त्याच्यावर फिरते आणि लाटेसारखी वळलेली पातळ स्प्रिंग ती दाबून धरते. वॉशर बोटाने दाबून बघा. चांगला असेल तर नखाचा ठसा उमटून लगेच भरून येतो. कडक झाला असेल तर चकतीच्या कडेचा गोल चर त्यावर कायमचा कोरलेला दिसतो आणि भोकांच्या मध्ये बारीक भेगा असतात. असा वॉशर पलटी करून बसवणारे पुष्कळ आहेत. दोन आठवडे चालतो, पुढे तुमचं नशीब. चकतीच्या तोंडावर ओरखडे असतील तर काचेवर १००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, तेलाचा थेंब टाकून ती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवत घासा. तेवढं न करता नवा वॉशर घातला तर तोही लवकरच कापला जातो.

सिलिकॉन लावून गळती बुजवायला जाऊ नका. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) अडकतात. मग तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिणार.

आणखी एक. पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५पर्यंत २० टक्क्यांवर गेलंय. जुन्या गाड्यांचं रबर या मिश्रणासाठी केलेलंच नव्हतं, ते फुगतं किंवा कडक होतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. कॉकचं दुरुस्ती किट घेताना इथेनॉल सोसणारं रबर मागा. दुकानदार ‘व्हायटॉन’ म्हटलं की ओळखतो, पण किंमत ऐकून दचकू नका.

शेवटी एक सवय सांगतो. पेट्रोल आत साचू नये म्हणून घराजवळ कॉक बंद करून चेंबर रिकामा करायचा असेल तर तो न्यूट्रलमध्ये, संथ फिरणाऱ्या इंजिनवर करा. तुमच्यासारखी टू-स्ट्रोक गाडी रस्त्यावर जोरात असताना कॉक बंद करू नका. पेट्रोल कमी पडलं की इंजिनात हवेचं प्रमाण वाढतं, गरमी चढते आणि पिस्टन जॅम होऊ शकतो.

प्रश्न : माझ्याकडे जुनी जपानी चार सिलिंडरची गाडी आहे. तिच्या कॉकवर ‘ऑफ’च नाही, ‘ऑन’, ‘रेस’ (रिझर्व्ह) आणि ‘पीआरआय’ (प्राइम) आहे. बिघाड की नमुना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नमुना. हा व्हॅक्यूम कॉक. इंजिन फिरताना इनटेकमधून (इंजिनात हवा-पेट्रोल जाण्याच्या वाटेतून) हवा ओढली जाते, त्या ओढीने आतला रबरी पडदा उचलतो आणि पेट्रोल सुटतं. इंजिन बंद, की कॉकही बंद. ‘पीआरआय’वर मात्र तो सदा उघडा असतो, म्हणजे रिकामा चेंबर भरायला ती जागा वापरा आणि लगेच ‘ऑन’वर या. पडदा फाटला की पेट्रोल व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून थेट इनटेकमध्ये उतरतं. ती नळी इनटेककडून काढा. आत ओल दिसली तर पडदा गेला. ऑइलची पट्टीही पाहा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वर चढली असेल तर ते बदलल्याशिवाय किक किंवा सेल्फ मारू नका.

प्रश्न : मी गाडी कायम ‘रिझर्व्ह’वर चालवतो. कचरा येतो का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : ‘ऑन’ला टाकीतल्या उंच नळीतून पेट्रोल येतं, ‘रिझर्व्ह’ला तळाशी असलेल्या तोंडातून. त्यामुळे पाणी आणि गाळ आधी तुमच्याच वाट्याला येतो, शिवाय पेट्रोल संपत आल्याची सूचना मिळत नाही ती वेगळीच. उलट, कधीच ‘रिझर्व्ह’ न लावणाऱ्यांच्या तळाशी गाळ साचून राहतो आणि नेमका अडचणीच्या वेळी जाळीत येऊन बसतो. महिन्यातून एकदा थोडं अंतर ‘रिझर्व्ह’वर चालवा, बाकी ‘ऑन’. कॉकखाली वाटी असेल तर वर्षातून एकदा ती काढून जाळीसकट धुवा.