थीमच्या आधी वार बघा

तुमच्या ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीबद्दलचा प्रश्न वाचला आणि मला एकदम माझा २०१९चा डिसेंबर आठवला. तुम्ही लिहिलंय: रत्नागिरीचं ऑफिस, चाळीस माणसं, ॲडमिनची जबाबदारी नवीनच अंगावर आलेली, ख्रिसमस पार्टीसाठी वरून 'विंटर वंडरलँड' आणि 'हॉलिवूड नाइट' असे दोनच पर्याय आलेले, आणि तारीख ठरलेली गुरुवार, २४ डिसेंबर २०२६. दोन्हींपैकी कुठली थीम घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नकोत. पण त्याच्याही आधी ती तारीख बदलून घ्या, जमलं तर आजच.

मी काही इव्हेंटवाला नाही. सिंधुदुर्गात एका वित्तसंस्थेच्या शाखेत बरीच वर्षं ॲडमिन बघतोय, तेवढाच अनुभव. वसईकडे असता तर यातलं बरंचसं लागू झालं नसतं, कारण तिथे ख्रिस्ती वस्ती मोठी आणि नाताळ अख्ख्या गावाचा. आपल्याकडे बहुतेक ऑफिसांत एखाद-दोन ख्रिस्ती सहकारी असतात, मी तशा ऑफिसांबद्दल बोलतोय. हॉल, केक, वर्गणी हे तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही.

२०१९ला आमच्या मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांना एकच थीम दिली, 'बर्फाचं गाव'. कुरिअरने तीन मोठे खोके आले. आत थर्माकोलचे मणी, पांढरे कागदी पडदे, प्लास्टिकचं झाड, येशूजन्माच्या गोठ्याचा एक सेट आणि नियमांचं पत्र. सगळ्यांनी स्वेटर-मफलर घालून यायचं, आणि शाखांच्या स्पर्धेसाठी फोटो २० डिसेंबरच्या दुपारपर्यंत पाठवायचे. त्या हिशेबाने मी पार्टी १९ला संध्याकाळी ठेवली. गुरुवार होता. घरी बायको मार्गशीर्षातले गुरुवार करत होती, दर आठवड्याला घट मांडलेला मी डोळ्यांनी बघत होतो, आणि तरी मी गुरुवार धरला. त्यात त्या वर्षी २६च्या गुरुवारी अमावस्या आणि सूर्यग्रहण, म्हणून आमच्याकडे बऱ्याच घरांत उद्यापन १९लाच उरकलं. संध्याकाळी सातला सवाष्णी हळदीकुंकवाला येणार, त्यांना फळ आणि पोथी द्यायची, आणि आमचं निमंत्रणही सातचंच.

शाखेत सतरा बायका. आल्या सहा. त्यातल्या चौघींचा उपास होता. जेवणात चिकन बिर्याणी सांगितलेली, केक अंड्याचा. दोघी जणी हातात पाण्याची बाटली घेऊन खुर्चीवर बसून राहिल्या आणि साडेआठला उठून गेल्या. निम्मी बिर्याणी उरली. मुख्य कार्यालयाला मी दोन आठवडे आधी फोन करून फोटोसाठी एक दिवस वाढवून मागितला होता. "सगळ्या शाखांना तीच मुदत आहे," एवढंच उत्तर मिळालं. मार्गशीर्ष म्हणजे काय हे तिकडच्या माणसाला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही, मराठीच होता तो. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला आजही सगळ्यात जास्त लागतं ते हेच. तो एक दिवस भांडून घ्यायला हवा होता.

स्वेटरचंही सांगतो. खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर आमचं ऑफिस, डिसेंबरातही संध्याकाळी पंखा लागतो. पंखा लावला की मणी उडायचे आणि घामेजलेल्या हातांना, मानेला चिकटायचे. पुढे शिमग्यापर्यंत ते कॅशच्या ड्रॉवरमध्ये सापडत होते. आमच्या शिपाईदादांकडे स्वेटरच नव्हता. नियम म्हणून त्यांनी बाजारातून सहाशे रुपयांचा घेतला. तो त्यांच्या अंगावर मी परत कधी पाहिला नाही. शिवाय राज्यात २०१८पासून सजावटीसाठी थर्माकोल वापरायला बंदी आहे, पहिल्या वेळी सापडलात तर दंड ५,००० रुपये. वरून किट येतं म्हणजे ते कायद्यात बसतंच असं नाही, तेव्हा तुमच्याकडे खोके आले तर आधी उघडून बघा.

आता गोठ्याचं. सेटमध्ये मरिया, जोसेफ, मेंढपाळ, तीन राजे आणि बाळ येशू. मी चित्रात होतं तसं सगळं मांडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर गव्हाणीत बाळ नाही. मला वाटलं हरवलं, सगळीकडे शोधाशोध केली. मग आमच्या रेकॉर्डमधल्या वेंगुर्ल्याकडच्या सहकारी बाईंनी टेबलाचा खण उघडून दाखवला. बाळ स्वच्छ रुमालात गुंडाळून ठेवलेलं. म्हणाल्या, "बाळ चोविसाच्या राती येता. तवसर गव्हाण रिकामीच ठेवतंव आमी." शाखेतल्या त्या एकट्या ख्रिस्ती. पार्टी ठरवताना मी त्यांना काही म्हणजे काही विचारलं नव्हतं, आणि मांडणी चुकली तेव्हा त्याही चारचौघांत बोलल्या नाहीत.

म्हणून तुमची तारीख वाचून लिहायला बसलो. २०२६ला अधिक ज्येष्ठ आल्याने मार्गशीर्ष पुढे गेलाय. त्यातले डिसेंबरमधले गुरुवार १०, १७, २४ आणि ३१ला येतात. म्हणजे तुमची २४ तारीख दोन्हीकडून अडते. व्रत करणाऱ्या बायका घरी पूजेला, आणि ज्यांचा सण त्या सहकाऱ्यांच्या घरी त्या रात्री मध्यरात्रीच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची तयारी. त्यांनी ऑफिसात थांबून सांताच्या टोपीत फोटो काढायचे का? ३१लाही ठेवू नका, तोही मार्गशीर्षातलाच गुरुवार.

साहेब म्हणतील, पंचवीसच्या आधी नाही झाली तर ख्रिसमस पार्टी कसली. त्यांना सांगा की नाताळ पंचवीसला संपत नाही. सहा जानेवारीला तीन राजांचा सण असतो, तोवर गोठा आणि चांदणी उतरवत नाहीत. ३० डिसेंबरला बुधवार आहे आणि ६ जानेवारी २०२७लाही बुधवारच. बुधवार आपल्याकडे बहुतेकांचा मासे-मटण खायचा वार. मी असतो तर ६ जानेवारी घेतली असती. डिसेंबर अखेरचं क्लोजिंग आटोपलेलं असतं आणि केटररही मोकळा असतो. फक्त काही घरांत मार्गशीर्ष पूर्ण महिना पाळतात आणि तो ७ जानेवारीपर्यंत आहे, तेव्हा शाकाहारी जेवण वेगळ्या टेबलावर ठेवा, वाढायचे डावही वेगळे.

थीमबद्दल माझं मत जरा ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. ज्या थीमसाठी माणसाला काही विकत घ्यावं लागतं ती ऑफिससाठी वाईट. हॉलिवूडमध्ये ज्यांच्याकडे सूट आहे ते मिरवतात आणि बाकीचे त्या दिवशी आजारी पडतात. बर्फ आपण कोणी बघितलेला नाही, आणि बेथलेहेमच्या गोष्टीत बर्फ नाहीच. त्या गोष्टीत चांदणी आहे, गोठा आहे, मेंढपाळ आहेत. हे सगळं कोकणातल्या माणसाला न सांगता कळतं. २०२२ला आम्ही 'चांदणी' ही थीम घेतली, आणि तेव्हापासून दरवर्षी तीच.

प्रत्येक विभागाने एक चांदणी करायची, विकतची आणायची नाही. दिवाळीचा आकाशकंदील ज्याने केलाय त्याला हे अवघड नाही. दोन फुटी दहा कामट्या आणि वीतभर लांबीच्या पाच काड्या घ्या. पाच कामट्या एकमेकींतून ओवून पाच टोकांची एक चांदणी बांधायची, उरलेल्या पाचांची तशीच दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने घट्ट आवळायची. मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी आखूड काड्या उभ्या अडकवायच्या, की मधला भाग फुगतो आणि चांदणीला पोट येतं. वर पतंगी कागद, मैद्याच्या खळीने. आत एलईडीच लावा, साधा बल्ब तापतो. आमच्या शिपाईदादांनी पहिल्या वर्षी वसुली विभागाला सांगाडा बांधून दिला आणि नंतर बाकीचे तीन विभाग त्यांच्याकडेच येऊन बसले. वायर ओढायची, कागद कापायचा, साहेबांनी कामट्या धरायच्या. तो आठवडा मला पार्टीपेक्षा जास्त आवडतो.

कपड्यांचा नियम ठेवू नका. फारच आग्रह झाला तर "काहीतरी पांढरं किंवा लाल" एवढं पुरे, ते प्रत्येकाच्या घरी असतं. आणि वेशभूषा स्पर्धा ठेवलीत तर पाद्री किंवा सिस्टरचं सोंग घ्यायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. ओळखीच्या एका ऑफिसात एकाने झगा घालून हातात बाटली धरली होती. सगळे हसले आणि दोन माणसं न जेवता घरी गेली.

खाण्यात नाताळचं म्हणून ठेवायचं तर नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, दोस. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची बहीणच. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गुळाचा, दोस चण्याच्या डाळीचं, त्यामुळे व्रत नसलेल्या शाकाहाऱ्यांनाही चालतं. बेबिंका या थराथरांच्या गोड पदार्थात अंड्याचा बलक असतो, तशी चिठ्ठी लावा. पण हे सगळं ख्रिस्ती सहकाऱ्याने घरून करून आणावं असं गृहीत धरू नका. २०२२ला मी आमच्या बाईंना सहज म्हटलं, "तुमच्याकडचं थोडं काहीतरी आणा ना," आणि त्यांनी दोन रात्री जागून चौतीस माणसांना पुरतील एवढ्या नेवऱ्या केल्या. मला फार वाईट वाटलं. आता आम्ही महिनाभर आधी ऑर्डर देतो, त्यांच्या ओळखीच्या बचत गटाला, पूर्ण पैसे देऊन. डिसेंबरात उशिरा सांगितलंत तर कोणी हातात घेणार नाही, त्यांच्या स्वतःच्या घरचीच गडबड असते.

गुप्त भेटवस्तूंचा खेळ घेणार असाल तर दोनशेची मर्यादा घाला. सावंतवाडीची लाकडी खेळणी या पैशांत मिळतात आणि लोक ती टेबलावर ठेवतात, चॉकलेटचे डबे त्याच रात्री संपतात. पार्टी उघड्यावर असेल तर स्पीकर दहाला बंद. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच असते आणि ६ जानेवारी त्यात धरू नका.

वरच्या कार्यालयाशी कसं बोलायचं, हेही विचारलंय. फोन करू नका, मेल करा, त्यात दोन्ही कारणं आणि नवी तारीख लिहा. "बदलू का?" असं विचारायचं नाही, "आमच्या शाखेत ६ला ठेवत आहोत" असं कळवायचं. फोटो उशिरा गेल्याने स्पर्धेतले गुण कापले तर कापू द्या, आमचे दोनदा कापले गेलेत.

सहाला ठेवलीत तर गव्हाणीत बाळ असायलाच हवं, आणि तीन राजेही गोठ्यापाशी पोचलेले. आमच्याकडे ते मांडायचं काम आता रेकॉर्डच्या बाई करतात. २४ला घरी निघण्याआधी खण उघडतात, रुमाल सोडतात आणि बाळाला गव्हाणीत ठेवतात. तुमच्याकडे कोण आहे त्यांना आजच विचारा, आणि विचारताना बाकीच्यांसमोर विचारू नका.