एमपीएच की एमएसडब्ल्यू? आधी सहा महिने फिल्डवर जाऊन ये

तुझं पत्र दोनदा वाचलं. बीएस्सी मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष, मार्क चांगले, घरचे म्हणतायत लॅबमध्ये लाग, आणि तुला मात्र लोकांमध्ये राहून आरोग्याचं काम करायचंय. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करू की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) हा तुझा प्रश्न आहे, पण शेवटी बाबांचं जे वाक्य लिहिलंयस ना, "ही समाजसेवा झाली, यात शिकण्यासारखं काय आहे?", आधी तेच घेतो, कारण ते सुटलं की तुझं उत्तर सोपं होतं.

बाबांना गडचिरोलीचं सांग. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने 39 गावांमधल्या बायकांना शिकवलं, घरी जाऊन बाळाचं वजन घ्यायचं, श्वास बघायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि उपचारही करायचे. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे 2011 पासून आशा ताई देशभर अशाच गृहभेटी द्यायला लागल्या. यात लोकांना गावातल्या बायकांची गोष्ट आठवते, ती मोठी आहेच, पण मला वाटतं त्यांनी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला होता आणि शेजारची गावं तुलनेला ठेवली होती हेही तितकंच मोठं आहे. मोजलं नसतं तर ते काम तिथेच राहिलं असतं. हे मोजणं शिकावंच लागतं, नुसत्या कळकळीने येत नाही.

आता दुसरी बाजू. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात बायकांचे गट दर महिन्याला बसायचे, गट चालवणारी बाई स्थानिकच, ती औषधं द्यायची नाही, फक्त विचारायची की बाळंतपणात आपल्याकडे काय बिघडतं आणि आपण काय करू शकतो. गटांनी स्वतःच फंड जमवला, दवाखान्यात न्यायला स्ट्रेचरची सोय केली, स्वच्छ बाळंतपणाचे किट वाटले. 2004 ला निकाल आला, नवजात मृत्यू 30 टक्क्यांनी कमी. अशा मीटिंगमध्ये उत्तर माहीत असूनही गप्प बसायचं आणि लोकांना त्यांच्या उत्तरापर्यंत पोचू द्यायचं, हे मला विचारशील तर आकडेवारीपेक्षा अवघड आहे. शिकलेल्या मुलांना तर फारच जड जातं.

ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे वेल्समधले डॉक्टर होते, त्यांनी 1971 मध्ये लिहून ठेवलंय की चांगल्या उपचारांची जिथे गरज जास्त तिथेच ते कमी मिळतात. तू ज्यासाठी धडपडतेयस ते हेच. बाई दवाखान्यात आली नाही की पटकन म्हणतात अज्ञान आहे, पण जाऊन बसलं की कळतं, मजुरी बुडते, लांब पडतं, किंवा मागच्या वेळी कुणीतरी तिला चारचौघांत झापलेलं असतं. आणि हे पत्रकं वाटून सुटत नाही गं.

म्हणून डिग्री. एमपीएचमध्ये साथरोगशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, आरोग्य धोरण मिळेल. एमएसडब्ल्यूमध्ये गटाबरोबर काम करणं, वस्ती संघटित करणं. तुझा पाया सायन्सचा आहे, मी असतो तर एमपीएच घेतली असती, पण कॉलेज निवडताना फिल्डवर्क किती महिन्यांचं आहे ते विचारून, आणि ते नावापुरतं असेल तर सरळ दुसरं कॉलेज बघ.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. या क्षेत्रात बऱ्याच नोकऱ्या प्रोजेक्टवर असतात, फंडिंग संपलं की कॉन्ट्रॅक्ट संपतं, बाबांची काळजी खोटी नाही. पण ज्याला सर्वे बनवता येतो, डेटा साफ करून त्यातून काय निघतंय ते सांगता येतं आणि रिपोर्ट लिहिता येतो, त्याला पुढचं काम लवकर मिळतं असं मी बघत आलोय.

आणि फॉर्म भरायच्या आधी सहा महिने कुठल्यातरी संस्थेत फिल्डवर जा, ऑफिसमध्ये बसवतील तर नको. पहिल्या महिन्यात कुणालाही सल्ला देऊ नकोस, आरोग्यसेविकेबरोबर नुसती फिर आणि रोज रात्री लिहून ठेव की आज कोण आलं नाही आणि का. ती वही भरली की मला परत लिही, बाबांनाही वाचायला दे, मग आपण कॉलेजची नावं काढू.