नार्नियातील सिंहाचे बलिदान खरोखर ख्रिस्ती आहे का?

'द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया' या मालिकेतील २००५ सालच्या पहिल्या चित्रपटात अस्लान हा सिंह मरतो आणि पुन्हा उठतो, त्यात येशू ख्रिस्त पाहणे योग्य आहे की श्रद्धाळू लोक तो अर्थ मागाहून चिकटवतात, असे आपण विचारले आहे. तो अर्थ मुळातच आहे. मूळ कादंबरीचे लेखक सी. एस. लुइस तरुणपणी नास्तिक होते. १९३१ मध्ये ते ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले आणि १९५० मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिला रूपककथा म्हणणे मात्र त्यांना मान्य नव्हते. बोलत्या प्राण्यांचे असे जग खरोखर असते आणि त्यालाही तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, गरज असती, तर ख्रिस्त तेथे कसा आला असता, अशी कल्पना आपण केली, असे त्यांचे म्हणणे होते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात ख्रिस्ताला यहूदा वंशाचा सिंह म्हटलेले आहे, हेही येथे आठवावे.

तरीही नायक मरून पुन्हा उठला, एवढ्यावरून कोणतीही कथा ख्रिस्ती ठरत नाही. माझ्या मते खूण आहे ती तो कोणासाठी मरतो यात. नार्निया या जादूच्या देशात आलेल्या चार भावंडांपैकी एडमंडने मिठाईच्या आणि राजपदाच्या लोभाने सख्ख्या भावंडांचा घात केला आहे. नार्नियावर जुलूम करणारी चेटकीण अस्लानच्या भर छावणीत येऊन सांगते की, प्रत्येक विश्वासघातक्याच्या रक्तावर प्राचीन नियमाने आपला हक्क आहे. आणि अस्लान तो नियम खोटा ठरवत नाही, मोडतही नाही, तर स्वतःचा प्राण देऊन त्याची भरपाई करतो. मराठी बायबलमध्ये येशूने पुष्कळांसाठी आपला प्राण 'खंडणी' म्हणून दिला असे म्हटले आहे. वर्तमानपत्रांमुळे हा शब्द आज आपल्याला गुन्हेगारीचा वाटतो, पण दुसऱ्याच्या सुटकेसाठी मोजलेली किंमत हा त्याचा अर्थ या प्रसंगाला तंतोतंत लागू पडतो. त्यामुळे याला नुसता त्याग म्हणणे मला अपुरे वाटते.

मी वसईच्या कॅथलिक कुटुंबात वाढलो. पाषाणपीठाचा, म्हणजे ज्या दगडी पीठावर अस्लानला मारतात तेथला, प्रसंग पाहताना मला दरवेळी शुभ शुक्रवारी चर्चमध्ये ऐकलेले येशूच्या दुःखसहनाचे वाचन आठवते. रात्री जड पावलांनी निघालेला अस्लान एडमंडच्या बहिणी सुझन आणि लूसी यांना थोडी सोबत करू देतो, जशी येशूने अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत शिष्यांकडे मागितली होती. पुढे त्याला दोरांनी बांधतात, त्याची आयाळ कापतात, भोवतीचा जमाव खिदळत राहतो आणि एका पंजाने सर्वांना लोळवू शकणारा तो सिंह गप्प राहतो. पहाटे रिकामे पीठ प्रथम त्या दोन मुलींनाच दिसते; शुभवर्तमानातही, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातही, रिकाम्या कबरेपाशी आधी स्त्रियाच पोहोचतात.

एका ठिकाणी मात्र मी दिग्दर्शकाशी सहमत नाही. लढाईत चेटकीण मेल्यावर अस्लान जे उद्गारतो, ते योहानाच्या शुभवर्तमानातील येशूचे क्रूसावरचे शब्द आहेत: "पूर्ण झाले आहे." योहानाने ते मरणाच्या क्षणी ठेवले आहेत, कारण खरा विजय तेथेच झालेला असतो. ते रणांगणावर नेल्यामुळे शत्रूचा वध हाच कळस वाटू लागतो आणि पाषाणपीठ ही केवळ त्याची तयारी ठरते.

याउलट एक लहानसा प्रसंग चित्रपटाने फार सुंदर सांभाळला आहे. सुटका होऊन आलेला एडमंड उंच खडकावर अस्लानसमोर मान खाली घालून उभा आहे. त्यांचे बोलणे भावंडांनाही ऐकू येत नाही आणि आपल्यालाही नाही. नंतर अस्लान इतकेच सांगतो की, झाले ते झाले, एडमंडशी आता त्याविषयी बोलण्याची गरज नाही. ज्याने कधी धर्मगुरूंपुढे पापनिवेदन केले आहे, त्याला ही शांतता ओळखीची वाटेल. तोच एडमंड पुढे लढाईत, निघून जा असे थोरल्या भावाने सांगितलेले असतानाही, चेटकीण त्या भावाकडे वळलेली पाहून मागे फिरतो, तिची कांडी तोडतो आणि तिचा घाव स्वतःच्या पोटावर घेतो. अस्लानने त्याच्याकडे याची मागणी कधीच केलेली नसते.