बंदुकीचं विचारलंत म्हणून सांगतो

तुमचं पत्र रात्रपाळीत चहाच्या सुट्टीला वाचलं. शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडून इकडं इंग्लंडात, नॉर्थ यॉर्कशायरला यायचं चाललंय, वहिनी शिक्षिका आहेत, मुलगा आठ वर्षांचा. प्रश्न चार : काम कसं, मुलाची शाळा कशी, एकटं वाटतं का, आणि तिकडं नेमबाजी-शिकार करता येते का. शेवटच्या प्रश्नाला ‘सहज विचारतोय’ अशी शेपटी लावलीत. सहज कोण विचारतंय राव! पत्राचा अर्धा भाग त्यातच गेलाय.

व्हिसा, पगाराची मर्यादा, आरोग्याचा सरचार्ज हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि दर सहा महिन्यांनी बदलतं. मी सांगेन ते तुम्ही येईपर्यंत शिळं झालेलं असेल, म्हणून त्यात शिरत नाही.

कामाचं थोडक्यात सांगतो. मी अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मॉल्टनच्या बाजूला. चार दिवस बारा-बारा तास, मग चार दिवस सुट्टी. बेअरिंग कोल्हापुरात जसं जातं तसंच इथं जातं. फरक एवढाच की इथं साहेबाला नावानं हाक मारायची आणि लाइन बंद पडली तरी कुणी ओरडत नाही. ओरडत नाही म्हणजे रागावलेला नाही असं मात्र समजू नका, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

एकटेपणाचंही दोन ओळीत उरकतो. पहिलं वर्ष जड जातं. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. होते सवय.

आता बंदुकीचं. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला वेसण घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तो विषयच संपला, तो संपला तेच बरं झालं. त्यामुळं आपल्या पिढीला बंदूक म्हणजे रेंज. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. कोल्हापूरच्या पोराला नेमबाजीचं वेड लागलं तर त्यात नवल काय? तुमची दहा मीटरची एअर रायफल इंग्लंडात बिनपरवान्याची चालते, कारण तिची ताकद ठरलेल्या मर्यादेच्या आत असते. स्कॉटलंडात नाही चालत, तिथं २०१६ च्या शेवटापासून परवाना लागतो. पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफलीसाठी आधी मान्यताप्राप्त क्लबात निदान तीन महिने उमेदवारी, मग पोलिसांकडून फायरआर्म सर्टिफिकेट, म्हणजे बंदुकीचा परवाना. पॉइंट टू-टू पिस्तूल मात्र विसरा. स्कॉटलंडातल्या डनब्लेनच्या शाळेत १९९६ ला एकानं पिस्तुलांनी मुलं मारली, त्यानंतर कायद्यानं ती जवळपास सगळी बंद झाली. तुम्हाला पिस्तूल मारायचं असेल तर एअर पिस्तुलावर भागवावं लागेल. आणि तिकडून काहीही बरोबर आणू नका, बंदुकीच्या तेलाची बाटलीसुद्धा नको.

शिकार हा वेगळा प्रकार. इथं ती गुपचूप करायची गोष्ट नाही, तिला पंचांग आहे. ग्राउस हा माळावरचा पक्षी १२ ऑगस्टपासून १० डिसेंबरपर्यंत, तित्तिर १ सप्टेंबरपासून, फेझंट १ ऑक्टोबरपासून, हे दोन्ही १ फेब्रुवारीला बंद. रविवारी आणि नाताळला बार काढायचा नाही, हा १८३१ चा कायदा अजून चालू आहे. फेझंट म्हणजे बदामी-तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा पक्षी. बहुतेक पक्षी कीपरनं, म्हणजे शिकारीचं रान राखणाऱ्या माणसानं, पिलं वाढवून रानात सोडलेले असतात. याला शिकार म्हणायचं की शेती, यावर इथं दोन तट आहेत आणि मी दोन्हीकडचं थोडं थोडं मानतो. एका दिवसात तीनशे-चारशे पक्षी पाडायचे, त्याचे हजारो पाउंड मोजायचे, असेही दिवस असतात. तिथं मी पैसे घेऊन राबलोय, पण पैसे देऊन बंदूक धरून उभा राहणार नाही.

राबलोय म्हणजे काय, ते सांगतो. माझे आजोबा राधानगरीच्या बाजूचे. संस्थानाच्या शिकारीला रान उठवायला माणसं नेत, त्यात ते असायचे. डबे, ताशे बडवत जायचं, दिवसाला शिधा मिळायचा. त्यांचा इंजिनिअर नातू सात समुद्र ओलांडून आला आणि काय झाला, तर हाकारा. इथं बीटर म्हणतात, काम तेच. माझ्या कारखान्यातल्या फिटरचा भाऊ कीपर आहे. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात फिटर म्हणाला, शनिवारी माणसं कमी आहेत, येतोस का? गमबूट होते, बाकी काही नव्हतं. कीपरनं एक काठी दिली, तिच्या टोकाला खताच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा बांधलेला. वीसेक माणसं बीच नावाच्या झाडांच्या रानात एका रांगेत, हातभर पालापाचोळा, काठी झाडाच्या बुंध्यावर हलकी आपटत चालायचं. पुढं गेलात तर कीपर रेडिओवरून शिव्या देतो, मागं राहिलात तरी देतो. पक्षी आधी पळतात, उडत नाहीत. रान संपायला आलं की एकदम पंखांचा फडफडाट होतो आणि अंगावर पत्रा कोसळल्यासारखं दचकायला होतं. मग पलीकडून बार. थोड्या वेळानं वरून छर्रे पानांवर पडतात, अगदी हलके, तांदूळ पाखडल्यासारखे. भोंगा वाजला की संपलं. मागून लॅब्राडॉर, स्पॅनिअल पक्षी गोळा करतात. संध्याकाळी पाकिटात चाळीस पाउंड आणि दोरीत मान बांधलेली नर-मादीची जोडी.

ती जोडी घेऊन घरी आलो तेव्हा बायकोनं दार अर्धंच उघडलं.

तिचं खरंच होतं. आमच्या घरात आई माळकरी, महिन्याच्या वारीला पंढरपूर चुकवत नसे. मी मटण खातो हेच तिला कसंबसं चालायचं. पण त्या शनिवारी मी दिवसभर माणसांबरोबर हसलो होतो. इथं येऊन चौदा महिने झाले होते आणि पहिल्यांदा कुणी मला ‘तू मूळचा कुठला’ हे न विचारता ‘तुझी डावी बाजू सांभाळ’ असं म्हणालं होतं. मी गेलो तो गेलोच. ऑक्टोबर ते जानेवारी, सुट्टीत येणारा जवळजवळ प्रत्येक शनिवार, आणि जमलं तर बुधवारसुद्धा.

तिसऱ्या वर्षी मी मांसाचा तांबडा रस्सा करून बीटरांच्या जेवणाला नेला. फेझंटचं मांस कोरडं, गावरान कोंबडीच्या वळणाचं. पिसं काढत बसू नका, कातडीच सोलून टाका. कांदालसूण चटणी घरचीच हवी, इथल्या दुकानात मिळते तिला लाल रंगाखेरीज काही येत नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तीन वाट्या प्यायल्या, दाताखालचा छर्रा काढून ताटलीत ठेवला आणि म्हणाला, पुढच्या सीझनलाही येशील ना? मला गावानं जागा दिली ती तिथं.

शाळेचं लिहायला घेतलं की माझं डोकं अजून तापतं. मुलगा सात वर्षांचा होता, तिकडं दुसरी पूर्ण करून आला होता. इथं वर्ग वयावर ठरतो, १ सप्टेंबरची रेघ, त्याला काही करता येत नाही. पण घरची भाषा मराठी म्हणून त्याच्या नावापुढं एक खूण लागली, आणि त्या खुणेमुळं की कशामुळं, गणितालाही त्याला सगळ्यात कच्च्या मुलांच्या टेबलावर बसवला. पोराला वीसपर्यंत पाढे पाठ! पहिल्या टर्मच्या अहवालात बाईंनी लिहिलं की गणित करताना तो स्वतःशी पुटपुटत बसतो, लक्ष विचलित असतं. तो ‘सात सत्ते एकोणपन्नास’ म्हणत होता. मी शाळेत जाऊन हे सांगितलं. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोललात तर त्याला सोपं जाईल.

आणि आम्ही ऐकलं. त्यांना दोष देऊन काय उपयोग? हो म्हणणारे आम्ही होतो. नंतर वाचलं की जाणकार नेमकं उलटं सांगतात, घरची भाषा पक्की असेल तर दुसरी लवकर येते. तोपर्यंत दोन वर्षं गेली होती. आता तो सतरा वर्षांचा आहे, गणितात उत्तम आहे, आणि आईशी, म्हणजे त्याच्या आजीशी, फोनवर ‘कशी आहेस, जेवलीस का’ याच्या पुढं जाऊ शकत नाही. ती विचारते, हा माझ्यावर रुसलाय का रे? तुमच्या पोराच्या शाळेत कुणी तसं सांगितलं तर ऐकून घ्या, मान हलवा आणि घरी येऊन मराठीतच भांडा.

शनिवारी मी रानात असायचो, तेव्हा त्याच्याशी मराठी बोलायला मी तरी कुठं होतो, हेही आहेच. एका वर्षी दिवाळीचा पाडवा नेमका सीझनच्या चांगल्या दिवशी आला. लीड्सला मराठी मंडळींचा फराळाचा कार्यक्रम होता. बायकोनं नवीन लायसन्सवर तासभर गाडी हाकत पोराला नेलं. (लायसन्सचं जाता जाता सांगतो : आपलं इथं बारा महिनेच चालतं, मग लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा नव्यानं. वीस वर्षं कोल्हापुरात गाडी चालवलेला मी दोनदा नापास झालो, दोन्ही वेळा आरशात न बघितल्याबद्दल. ती पहिल्या फटक्यात पास.) मी संध्याकाळी चिखलानं भरून घरी आलो तर ओवाळायचं ताट टेबलावर झाकून ठेवलेलं होतं. ती झोपली होती.

पाच वर्षं हाका घालून झाल्यावर मला बंदूक हवी झाली. गावातल्या आठ-दहा जणांची छोटी सिंडिकेट, म्हणजे शिकारीचा गट आहे. निम्मे उभे राहतात, निम्मे रान उठवतात, पुढच्या हाक्याला अदलाबदल. दिवसाला चाळीस-पन्नास पक्षी, सगळे वाटून घरी नेतात. त्यासाठी शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीचा परवाना लागतो. पाच वर्षांचं असतं. मी अर्ज केला तेव्हा साडेएकोणऐंशी पाउंड होते, २०२५ च्या फेब्रुवारीपासून एकशे चौऱ्याण्णव झाले. भिंतीला बोल्ट मारलेलं पोलादी कपाट हवं, भाड्याच्या घरात आधी मालकाला विचारा. दोन वर्षं ओळखणारा एक जामीनदार तेव्हा पुरायचा, मला त्या शेतकऱ्यानं सही दिली; २०२५ च्या ऑगस्टपासून दोन लागतात. आणि डॉक्टरचं पत्र हवं.

या डॉक्टरच्या पत्रानं माझे सात महिने खाल्ले. दवाखाना म्हणायचा पोलिसांचा फॉर्म चुकीचा आहे, पोलीस म्हणायचे फॉर्म बरोबर आहे, दवाखान्यानं फी घेतली आणि फॉर्म हरवला. पण मी जे चिडचिडत होतो ते हरवलेल्या फॉर्मसाठी नव्हतं. त्या फॉर्मवर एक रकाना असतो : कधी नैराश्य, चिंता यासाठी उपचार घेतलेत का. मला त्याचं उत्तर ‘हो’ द्यायचं होतं.

वर दोन ओळीत उरकलं ना, ते हे. २०१६-१७ च्या हिवाळ्यात मी पाळी संपली की कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचो. अर्धा तास, कधी तास. घरी जाऊन काय बोलायचं ते सुचायचं नाही. डॉक्टरनं चार महिने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, उजेडात फिरा, माणसांत जा. त्याच आठवड्यात फिटरनं शनिवारचं विचारलं. बायकोला मी सांगितलं की गोळ्या व्हिटॅमिन डीच्या आहेत.

पोलिसांचा माणूस चौकशीला घरी आला, मध्यमवयीन, सभ्य. कपाट दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला, कागद काढले, आणि तिच्यासमोरच विचारलं, त्या वेळच्या औषधांबद्दल सांगाल का? मी सांगितलं. त्यानं तिला विचारलं, आता कसे आहेत हे, घरात बंदूक आलेली चालेल तुम्हाला? ती माझ्याकडं बघत राहिली, मग त्याला म्हणाली, चालेल. तो गेल्यावर तिनं कप विसळले, पुसले, जागेवर ठेवले. म्हणाली, ‘व्हिटॅमिन डी.’ एवढंच. त्या काळात ती दुपारी शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये मुलांच्या ताटांवर लक्ष ठेवायचं काम करत होती, बीएड झालेली बाई, आणि तिला माणसांत कोण घेऊन जाणार होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सर्टिफिकेट मिळालं. नियम पाळणाऱ्याला मिळतं, जुन्या गोळ्यांमुळं आपोआप नाकारत नाहीत, लपवलं तर नाकारतात. हे तुमच्या कामाचं आहे म्हणून सांगितलं. बंदूक जुनी, दुहेरी नळीची, बारा बोअर. गेल्या वर्षी एकूण एकतीस पक्षी माझ्या हातून पडले. आईला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, शनिवारी काय करतोस, मी म्हणतो, मित्रांची कुत्री फिरवायला जातो. कुत्री असतातच, ते खोटं नाही.

यायचं तर या. सप्टेंबरच्या आधी या, म्हणजे पोराला वर्षाच्या मध्ये शाळा शोधावी लागणार नाही. तुमच्या क्लबकडून शिस्तीबद्दल इंग्रजीत पत्र घेऊन ठेवा. पहिल्या हिवाळ्यात हाक्याला जायचं असेल तर मी कीपरशी बोलतो, पण महिन्यातला एकच शनिवार.

एक मात्र खटकलं. तुमच्या चार प्रश्नांत वहिनींचा एकही नाही. त्यांना काय विचारायचंय ते त्यांनाच लिहू द्या. उत्तर माझी बायको देईल, असं तिनं आत्ता स्वयंपाकघरातून सांगितलंय. आणि ते मी वाचायचं नाही, असंही.